आधी तवेली, मग जहाज

मांडूला जाणार असाल तर एवढं कराच. शाही परिसरात शिरल्यावर पाय आपोआप जहाज महालाकडे धावतात, त्यांना जरा थोपवा. जहाज महालाच्या दक्षिणेला एक तीन मजली, भक्कम, अंगावर फारसा दागिना नसलेली इमारत आहे. तवेली महाल. सुलतानांच्या वाड्याचा तबेला! खाली घोडे, वरच्या मजल्यांवर पहारेकरी, आणि माथ्यावर अशी गच्ची की सबंध मांडूत जहाज महाल इतका देखणा दुसरीकडून कुठूनच दिसत नाही. आज तिथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. मूर्ती, शिलालेख, खापरं सगळं मांडलेलं आहे आणि ते बघण्यासारखंही आहे. पण मी तिथे गेले आणि मूर्तींकडे पाठ करून भिंतीच बघत राहिले.

याचं श्रेय राजगढच्या एका घोडीला. हे राजगढ धार जिल्ह्यातलं, सरदारपूरशेजारचं, मोहनखेड्याच्या जैन तीर्थामुळे लोकांना ठाऊक असलेलं. तिथे माझ्या मावसभावाचं घर आहे, आणि त्याच्या घरामागच्या गल्लीत एक काका लग्नाच्या वरातीसाठी घोडी पाळतात. पांढरी, मारवाडी, कानांची टोकं एकमेकांना टेकतील अशी. सकाळी चहा झाल्यावर वहिनी म्हणाली, “ताई, मांडूला निघायला अजून वेळ आहे, तोवर घोडी बघून या.” मी गेले. काका खरारा करत होते. घोडी अगाडी-पिछाडीने बांधलेली, म्हणजे पुढे दोन दोर आणि मागच्या पायांना दोन, मेखा जमिनीत ठोकलेल्या. तोंडाला तोबरा, त्यात भिजवलेले हरभरे. तिच्या ठाणाला तीनच बाजूंनी भिंती, चौथी बाजू सताड उघडी. छप्पर मात्र माणसाच्या घराला असतं त्याहून बरंच उंच.

एवढं उंच छप्पर कशाला, म्हणून मी विचारलं. काका म्हणाले, “बाई, घोडी मान वर करते तेव्हा तिचे कान कुठे जातात बघा. आणि घोड्याला ऊन चालतं, थंडी चालते, पाऊससुद्धा चालतो. कोंडलेली हवा चालत नाही.” मग त्यांनी खाली वाकून ओल्या मातीचा वास घ्यायला लावला. लघवीचा तो झणझणीत वास डोळ्यांत जातो. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, फक्त नाकाने घेतो. त्यामुळे हा वास, गवताची धूळ, कोंदट दमटपणा सगळं थेट त्याच्या फुप्फुसात. रोज पंधरा-वीस किलो लीद. रोज पंचवीस ते चाळीस लिटर पाणी. उभ्या उभ्या डुलकी काढणारं, पण गाढ झोपेसाठी आडवं व्हावंच लागणारं शरीर. काका एकेक सांगत होते आणि माझ्या डोक्यात त्या शरीराभोवती एक घर आपोआप उभं राहत होतं: इतकं उंच, इतकं रुंद, इकडून वारा, तिकडे उतार.

हे सगळं डोक्यात घेऊन मी दुपारी तवेली महालाच्या तळमजल्यात पाऊल टाकलं, आणि अंगावर काटा आला. कारण ते घर तिथे होतं!

बाहेर पठारावर ऊन रणरणत होतं. आत दोन पावलं गेले आणि गारवा लागला. भिंतीच्या एका खाचेत हात आडवा घातला, तो कोपरापर्यंत आत गेला आणि तरी भिंत संपेना. मांडू दख्खनच्या त्याच काळ्या दगडाच्या थरावर बसलंय ज्यातून आपले सह्याद्रीतले किल्ले कोरलेत. इथल्या गवंड्यांना दगड लांबून आणायची गरज नव्हती आणि त्यांनी तो सढळ हाताने वापरला. दिवसभर तापायला आणि रात्रभर निवायला इतकी जाड भिंत इतका वेळ घेते की आतल्या जनावराला दुपारही बाधत नाही आणि डिसेंबरची पहाटही. आणि कमानी! टोकदार, उंच, मांडूत सगळीकडे दिसतात त्याच घराण्यातल्या. मशिदीत आणि महालात त्यांच्याकडे बघताना आपण त्यांची नक्षी, त्यांचा तोल बघतो. इथे मला पहिल्यांदा त्यांची उंची कळली. घोड्याने मान ताठ वर केली तरी कान लागू नयेत, स्वार खोगिरावर बसला तरी त्याने डोकं वाकवू नये, आणि गरम दमट हवा वर चढून जनावराच्या नाकापासून दूर जावी. हे सगळं एका कमानीत बसतं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती सांगताना मला अजूनही थांबवत नाही. युरोपातले जुने तबेले चित्रांत बघितले तर त्यात लाकडी आडोसे दिसतात, प्रत्येक घोड्याला वेगळा कप्पा. आपल्याकडे घोडा दोरांनी बांधायची रीत: पुढून अगाडी, मागून पिछाडी. दोर असले की आडोसा लागत नाही. दोन खांबांमधली जागा हेच घोड्याचं ठाण. म्हणजे आपल्या तबेल्याला कमानींची ओळ पुरते, भिंतींची गर्दी लागत नाही, आणि वारा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा वाहतो. बांधायची पद्धत बदलली की इमारतच बदलते! राजगढच्या त्या चार मेखांनी मला हे शिकवलं.

वर चढल्यावर पहारेकऱ्यांचे मजले. घोड्यांच्या डोक्यावर माणसं राहायची याचं अनेकांना नवल वाटतं. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. रात्री खाली एखादं जनावर अस्वस्थ झालं, पोटशूळ उठला, दोर तुटला, तर पहिला आवाज वरच्यांना ऐकू येतो. आणि हल्ला झाला तर वरून जिना उतरलं की हाताला लगाम. पुढे एके काळी या वरच्या भागात पुरातत्त्व खात्याचं विश्रामगृहही होतं. त्या गच्चीवर रात्र काढलेल्यांचा मला मनापासून हेवा वाटतो.

माणूस वर, घोडा खाली ही मांडणी जगभर सापडते. इंग्लंडमध्ये डर्बीशायरला चॅट्सवर्थ नावाचा मोठा वाडा आहे, त्याचा तबेला १७६० च्या सुमारास जेम्स पेन या वास्तुकाराने बांधला. सुमारे ८० घोड्यांची सोय, मधोमध चौक, वाड्याला शोभेल असा दर्शनी दरवाजा आणि नोकरांच्या खोल्या वर. फ्रान्समध्ये शांतिलीला तर कमालच. जाँ ओबेरने १७१९ पासून बांधायला घेतलेला तबेला १८६ मीटर लांब आहे, २४० घोडे मावतील एवढा. तिथला ड्यूक म्हणे पुढच्या जन्मी आपण घोडा होणार असं मानत असे, म्हणून त्याने स्वतःला शोभेल असं घर आधीच बांधून ठेवलं. ही दंतकथा असेल, पण ती इमारत बघून लोकांना ती खरी वाटावी यातच सगळं आलं. आता चॅट्सवर्थच्या तबेल्यात उपाहारगृह आणि दुकानं आहेत, शांतिलीत घोड्यांचं संग्रहालय. मांडूचा तवेली महाल यांच्याहून दोन-तीनशे वर्षांनी थोरला आहे आणि त्याच्याविषयी आपण चार ओळीसुद्धा लिहीत नाही! दक्षिणेत हंपीची अकरा घुमटांची गजशाला निदान सगळ्यांना फोटोतून माहीत असते.

आता गच्चीवर या. समोर जहाज महाल, सुमारे १२० मीटर लांब आणि रुंदीला जेमतेम १५ मीटर. एका बाजूला मुंज तलाव, दुसऱ्या बाजूला कपूर तलाव. पाणी भरलेलं असलं की महाल खरोखर तरंगतो. सगळे हे दृश्य सौंदर्य म्हणून बघतात आणि ते आहेच. पण मी काकांचे ते चाळीस लिटर डोक्यात घेऊन बघत होते. शंभर घोडे धरा. रोज तीन-चार हजार लिटर पाणी नुसतं प्यायला, धुणं वेगळं. मांडूच्या पठारावर नदी नाही. जे काय आहे ते पावसाचं, तलावांत आणि विहिरींत अडवलेलं. १६१७ मध्ये जहांगीर बादशहा दरबारासकट इथे येऊन राहिला, तेव्हा इंग्रजांचा वकील सर टॉमस रो बरोबर होता, आणि त्याने पाण्याच्या टंचाईचं दुखणं लिहून ठेवलंय. एवढ्या मोठ्या लवाजम्याला पठार पुरं पडेना. मग तबेला तलावाच्या इतक्या जवळ का, हे कुणी सांगायला लागतं का? पखाली भरून डोंगर चढायची वेळ येऊ नये म्हणून घोड्याचं घर पाण्याशेजारी. वाड्यातल्या सर्वांत चांगल्या जागांपैकी एक जागा जनावराला दिली, कारण सगळ्यात जास्त तहान त्याला होती.

दगडाचं कारण नुसता गारवा नव्हे. आग! याचा पुरावा आपल्याच घरात आहे. शिवाजी महाराजांचं चिपळूण भागातल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं, रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका या ओळीसाठी. पण ते पत्र पुन्हा नीट वाचा. अर्धं पत्र पागेच्या बंदोबस्ताचं आहे. पावसाळाभर पुरेल असं दाणा-गवत बेताने द्या, नाहीतर पुढे उपास पडतील आणि घोडी मरायला लागतील. आणि गवताच्या गंजीजवळ कुणी चूल पेटवेल, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, एक खण पेटला की सगळे खण जळतील आणि घोडी मरतील. एका छत्रपतीला उंदराची वात दिसते! ज्याने पागा डोळ्यांखाली घातली आहे त्यालाच हे सुचतं. कोकणातल्या छावणीत गवताचेच खण होते, म्हणून भीती होती. मांडूला दगडाची कमान होती. तवेली महालाच्या छताकडे बघताना मला ते पत्र आठवलं आणि त्या छताची किंमत कळली.

सभासद बखरीतला पागेचा हिशेब तर मला पूर्वी नुसता आकड्यांचा वाटायचा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा हजारी. आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. आता हे आकडे मला इमारतीसारखे दिसतात. पंचवीस ठाणांची एक ओळ, तिच्या टोकाला पाण्याची पखाल घेतलेला माणूस, दुसऱ्या टोकाला ऐरण. जिथे कायमची इमारत नव्हती तिथे मराठ्यांनी माणसांची ही मांडणी बरोबर नेली, मेखा ठोकल्या की तबेला उभा. मुघलांचं उलट. अबुल फजल आईन-इ-अकबरीत सांगतो की शाही पागेत बारा हजार घोडे कायम असत, आणि त्यांच्या खुराकात तूप-साखरही होती. दोन्हीकडे जनावर तेच, घर मात्र आपापल्या राजकारणाचं.

आणि ज्या सुलतानाने मांडूला राजधानीचं रूप दिलं, त्याची गोष्ट ऐका. होशंगशहा, कारकीर्द १४०६ ते १४३५. फरिश्ता लिहितो की याला हत्ती हवे होते, आणि हत्ती होते ओडिशात, जाजनगरच्या राजाकडे. त्या राजाला घोड्यांचं वेड, तेही विशिष्ट रंगांच्या. तर हा सुलतान १४२२ च्या सुमारास चक्क घोड्यांचा सौदागर बनून, हजारभर स्वार बरोबर घेऊन, माळव्यातून ओडिशापर्यंत गेला! राजा माल बघायला आला, तेवढ्यात वादळी पाऊस कोसळला, हत्ती बिथरले आणि मांडलेला माल तुडवला गेला. सुलतानाच्या माणसांनी विकायला आणलेल्या घोड्यांवरच उड्या टाकल्या आणि राजाला धरलं. खंडणी अर्थातच हत्तींची. इकडे तो नाही असं पाहून गुजरातच्या अहमदशहाने मांडूला वेढा घातला होता. होशंग तारापूर दरवाजाने गडात शिरला. घोडे विकायच्या निमित्ताने राज्य सोडून निघणारा राजा, त्याच्या वंशाच्या आणि वारसांच्या वाड्यात तबेला कोपऱ्यात कसा असेल?

एकदा ही नजर मिळाली की सगळं मांडू जनावरांच्या मापाने वाचता येतं. जहाज महालापासून दोन पावलांवर हिंडोला महाल आहे, उतरत्या, कलत्या भिंतींचा. सगळे त्या भिंती बघून परत फिरतात. त्याच्या उत्तरेच्या अंगाला जा. वरच्या मजल्याकडे जाणारी एक रुंद, ऐसपैस चढण आहे, तिला हाथी चढाव म्हणतात. नुसत्या माणसांसाठी एवढी रुंद वाट कुणी बांधत नाही. पालखी किंवा हत्ती थेट वर नेता यावा म्हणून ती बांधली, असं परंपरेने सांगतात. दिल्ली दरवाजातून वर येणारी वाटही तशीच बघा. पायऱ्यांची रुंदी आणि उंची यांचं नातं माणसाच्या पावलाशी जुळत नाही, मोठ्या जनावराच्या पावलाशी जुळतं. मी त्या वाटेवर उतरताना प्रत्येक पायरीला अडखळत होते आणि प्रत्येक अडखळीला आनंद होत होता. (बाहेर मांडूची गोरखचिंच विकायला बसलेल्या मावशींना माझं ते पायऱ्या मोजत उतरणं काही कळेना. त्यांच्याकडून दोन फळं घेतली. त्यांचा तो पांढरा, आंबट गर जिभेवर ठेवून बघाच.)

परतीची वाट धारवरून. धार म्हणजे पवारांचं. लेले आणि ओक यांनी धार संस्थानाचा इतिहास मराठीत लिहिला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडूची डागडुजी होऊ लागली ती याच पवारांच्या काळात. आणि धारहून राजगढला निघालात की वाटेत अमझेरा लागतं. छोटं गाव. इथे २९ नोव्हेंबर १७२८ ला चिमाजीअप्पांनी माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला, तो लढाईत पडला, आणि माळव्याचं दार मराठ्यांना उघडलं. बाजीराव तेव्हा वऱ्हाडाच्या वाटेने बुंदेलखंडाकडे निघाले होते, चिमाजीअप्पा खानदेशातून आले. बरोबर मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, उदाजी पवार. फौज नर्मदा उतरली, मांडूचा घाट चढली आणि सुभेदाराला सावरायला सवड न देता त्याच्यावर जाऊन पडली. नकाशावर नर्मदेपासून अमझेऱ्यापर्यंत बोट फिरवा, मधला तो घाट बघा आणि मग विचार करा की हे कशाच्या जोरावर झालं. भीमेच्या खोऱ्यातल्या त्या आटोपशीर, चिवट, कमी चंदीवर चालणाऱ्या भीमथडी तट्टांच्या जोरावर! सुभेदाराकडे किल्ले होते, कमानी होत्या, तोफा होत्या. मराठ्यांकडे पाठीवर मेखा आणि दोर बांधलेला, कुठेही ठाण होणारा तबेला होता. तवेली महालाची भिंत सकाळी पाहिलेली असली तर संध्याकाळी अमझेऱ्याला ही लढाई वेगळीच उलगडते.

पुण्यात लक्ष्मी रस्त्याने जाताना हुजूरपागेची शाळा लागते, १८८४ ची, मुलींच्या शिक्षणाची केवढी मोठी जागा. ती पेशव्यांच्या खाशा पागेच्या जागेवर आहे. पागेची इमारत गेली, नाव राहिलं. मांडूला उलट झालंय, नावही राहिलं आणि इमारतही, फक्त तिच्याकडे बघणारे कमी. म्हणून सांगते, पावसाळ्यात जा. पठार हिरवंगार असतं, तलाव भरलेले असतात. आधी तवेली महालाच्या तळमजल्यात दहा मिनिटं नुसतं उभं राहा, भिंतीला हात लावा, कमानीखाली मान वर करून बघा. वारा कुठून येतो ते गालावर ओळखा. मग वर गच्चीवर जा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना विचारा, घोडा इथे कुठे उभा राहील आणि त्याचं तोंड कुठे असेल. ती लगेच जागा शोधून उभी राहतात, माझ्या भाच्याने शोधली. आणि शक्य असलं तर त्याआधी एखाद्या वरातीच्या घोडीचं ठाण बघून घ्या, मोतद्दाराशी, म्हणजे घोडीची निगा राखणाऱ्याशी, दोन शब्द बोला, त्याला छप्पर किती उंच लागतं ते विचारा. राजगढचे काका तर सकाळी आठपर्यंत खरारा करत असतात, आणि घोड्याविषयी विचारणाऱ्या माणसाला ते चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.